तीन नॉबची डबी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

विहिरीत वाकून हाक मारली नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. आपण 'ओ' म्हणायचं आणि खालून कुणीतरी 'ओ' म्हणायचं. पुढे शाळेत त्याचं शास्त्र शिकवलं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि ती भिंत सतरा मीटरांहून लांब असेल तर परत आलेला आवाज आपल्या कानाला वेगळा ऐकू येतो. परीक्षेत हा प्रश्न दोन मार्कांना यायचा. पुढे कित्येक वर्षं असा एक कडा माझ्या पायाखाली असणार आहे, आणि तो किती लांब उभा करायचा हे मलाच ठरवावं लागणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मी गिटार वाजवतो. पोटापाण्यासाठी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. पण शनिवार-रविवारी, गणपतीत, नवरात्रात मी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा असे. हिंदी-मराठी सिनेमातली गाणी. पुढे गाणारे, कडेला निवेदक, मागे आम्ही. घरी आलेल्या अल्बममधल्या फोटोंत मी बहुतेक वेळा कुणाच्या तरी खांद्यामागे आहे. तक्रार नाही, गिटारवाल्याची जागा तीच.

१९९५ साली मी एक वापरलेली डबी विकत घेतली. बॉस या जपानी कंपनीचं डीएम-२ नावाचं डिले पेडल. चष्म्याच्या घरापेक्षा थोडं मोठं, धातूचं, हातात घेतलं तर चांगलं जड. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि तिथून अॅम्प्लिफायरला. पुढच्या अंगाला पायाने दाबायची पट्टी, आणि तिच्या वर तीन नॉब. हे पेडल १९८१ ते १९८४ एवढीच वर्षं बनलं. १९८३ साली त्याच कंपनीने डिजिटल डिले आणला, तो जास्त स्वच्छ आणि जास्त लांब उत्तर द्यायचा, म्हणून जुन्याला गिऱ्हाईक उरलं नाही. मला विकणारा म्हणाला, "हे आता कोण घेतं?" मी किती पैसे दिले ते इथे सांगत नाही. आजची गिटार वाजवणारी मुलं तो आकडा ऐकून माझ्याकडे फार वाईट नजरेने बघतात.

आत असतं तरी काय? एखाद्या घराचा स्लॅब टाकण्याचा दिवस आठवा. खाली काँक्रीट कालवलं जातंय, वर ओतलं जातंय, आणि मध्ये शिडीवर माणसांची रांग. भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात. या डबीतल्या चिपमध्ये अशीच एक रांग असते, ४,०९६ जणांची. प्रत्येक जण म्हणजे एक बारीकसा कपॅसिटर, आणि घमेल्यात काँक्रीटऐवजी विजेचा भार. गिटारचा आवाज त्या क्षणाला जेवढा, तेवढा भार पहिल्या घमेल्यात. आतलं एक इलेक्ट्रॉनिक घड्याळ 'सरकव, सरकव' म्हणत राहतं, आणि शेवटच्या माणसाच्या हातून तो आवाज बाहेर पडतो तेव्हा तो तेवढ्या वेळाने उशिरा आलेला असतो. इंग्रजीत या रचनेला बकेट ब्रिगेड म्हणतात, म्हणजे आग विझवायला बादल्या हातोहात देणाऱ्यांची रांग. नेदरलँड्समध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोघांनी १९६९ साली ही कल्पना मांडली. त्याआधी हेच काम टेपवर चाले. एका हेडने आवाज टेपवर उमटवायचा आणि पुढच्या हेडने तो वाचायचा, मधल्या अंतराएवढा उशीर. अमेरिकेत मेंफिसला सॅम फिलिप्स यांनी १९५४ साली एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्ड केल्या, त्यांतला तो आवाजामागे उमटणारा झटपट ठसा टेपचाच आहे.

आता रांगेतली एक गंमत. माणसं तेवढीच आहेत, ती वाढवता येत नाहीत. उशीर वाढवायचा तर घड्याळ हळू करायचं. माझ्या डबीत उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापासून सुमारे ३०० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या किंचित आत. पण घमेली हळू सरकायला लागली की आवाजातले बारीक, टोकदार भाग त्यांत मावत नाहीत. ३०० मिलिसेकंदांना घड्याळ इतकं मंदावतं की साधारण साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचं सगळं आधीच गाळून टाकावं लागतं, नाहीतर खरखर आणि भलतेच सूर निघतात. जुन्या टेलिफोनवर येणारा आवाजही साधारण तिथपर्यंतच असायचा. म्हणून या डबीचं उत्तर जरा दबलेलं, शेजारच्या खोलीतून आल्यासारखं येतं. तेच उत्तर पुन्हा रांगेच्या सुरुवातीला घातलं की दुसरं उत्तर आणखी दबलेलं, तिसरं त्याहून. डिजिटलवाले याला दोष म्हणत. मला विचाराल तर गाण्याच्या साथीला हा दोष फार उपयोगी आहे. उत्तर गाणाऱ्याच्या शब्दांवर चढत नाही, खालून जातं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही, डिजिटलही पुष्कळ वाजवलं. पण मागे राहायचं असेल तर ही डबी बरी.

तीन नॉब तीन गोष्टी ठरवतात. किती उशिरा, किती मोठ्याने आणि किती वेळा. डबीवर त्यांना रिपीट रेट, एको आणि इंटेन्सिटी अशी नावं आहेत. नवीन माणूस काय करतो? तिन्ही भरपूर फिरवतो. बाथरूममध्ये गाणाऱ्याला आपला आवाज जसा आवडतो, तसंच हे. एक सूर छेडला की चार सूर येतात, बोटांच्या चुका झाकल्या जातात, आणि खोलीत एकट्याने वाजवताना वाटतं की आपण किती छान वाजवतो! इंटेन्सिटी अगदी शेवटाला नेली तर उत्तर कमी व्हायच्या ऐवजी वाढतच जातं, आणि डबी स्वतःच भोंग्यासारखी ओरडायला लागते. तेव्हा घाईने वेळेचा नॉब फिरवला, तर रांगेत अडकलेला आवाज रबरासारखा ताणला जाऊन वर किंवा खाली घसरतो. चाळीतल्या पोरांना हा प्रकार फार आवडायचा. शेजाऱ्यांना नाही.

१९९६ च्या गणेशोत्सवातली गोष्ट. एका मंडळाचा कार्यक्रम, रस्त्यात मांडव, दोन्ही बाजूंना चार मजली इमारती. त्या दिवशी आमच्याबरोबर एक मुलगी पहिल्यांदाच गाणार होती. अकरावी-बारावीत असेल. ऑर्केस्ट्राच्या मालकांच्या ओळखीतून आलेली. तालमीला तिने एक गाणं फार नीट म्हटलं होतं. मिनिटाला शंभर ठोके अशी लय, साधा केरवा. शंभर ठोक्यांना एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, म्हणजे अर्धा ठोका बरोबर ३००. माझ्या डबीची मजल तिथवरच. मी नॉब शेवटपर्यंत नेला होता, आणि उत्तर झकास अर्ध्या ठोक्यावर पडत होतं. सगळ्यांनी वा वा केली. मी नॉबच्या टोकाला पेन्सिलने खूण केली.

कार्यक्रमाच्या वेळी पुढचा मॉनिटर एकच होता, तोही पुरुष गायकाच्या बाजूला. ढोलक स्टेजच्या त्या टोकाला, मी या टोकाला, आणि ती मुलगी माझ्या अॅम्पच्या अगदी पुढे. गाण्याआधी ती वळून म्हणाली, "दादा, गिटार जरा मोठी ठेवाल का? मला त्याच्यावरून धरता येतं." मी ठेवली. गिटारचा आवाज वाढवला आणि हौसेने एकोचा नॉबही वाढवला. पहिला कार्यक्रम आहे, जरा भरल्यासारखं वाटू दे म्हणून.

मुखडा बरा गेला. अंतऱ्यात ती मागे पडायला लागली. मग घाईने पुढे आली, मग पुन्हा मागे. दुसऱ्या ओळीला ती ढोलकच्या एवढी मागे होती की कोरस गाणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्या ओळीला ती थांबली. मागून कुणीतरी शिट्टी मारली, आणि मग बऱ्याच जणांनी. निवेदकाने पुढे होऊन काहीतरी विनोद केला आणि पुढचं गाणं लावलं. ती विंगेत खुर्चीवर बसली होती, पाण्याचा ग्लास हातात तसाच. पुन्हा ती आमच्याकडे आली नाही.

मालक म्हणाले, "ढोलक पळाली." ढोलक वाजवणाऱ्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, आयुष्य ठेक्यात गेलेलं. ते फक्त म्हणाले, "लय चढली होती, सुटली नव्हती." त्या नवरात्रात अण्णांना एकाही कार्यक्रमाला बोलावलं नाही. मी गप्प होतो. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की ढोलकच पळाली असेल.

दिवाळीनंतर त्या मंडळातल्या एका मुलाने मला एक कॅसेट आणून दिली. त्याने स्टेजच्या कडेला, माझ्याच बाजूला, साधा टेपरेकॉर्डर ठेवला होता. म्हणजे त्या मुलीला जे ऐकू येत होतं, जवळपास तेच त्यात होतं. मी रात्री ते गाणं लावलं आणि हातातल्या घड्याळावर ठोके मोजले. पंधरा सेकंदांत २८. म्हणजे मिनिटाला ११२. टेपचा वेग थोडा कमीजास्त असेल, हे मान्य. पण लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच होती, अण्णा एका जागी घट्ट होते. स्टेजवर गेलं की लय थोडी चढते, हे काही नवीन नाही, आणि ती मुलगी तेवढं सहज निभावून नेणारी होती.

चढलं नव्हतं ते माझं उत्तर. ११२ ठोक्यांना अर्धा ठोका २६८ मिलिसेकंदांचा होतो. माझी डबी पेन्सिलच्या खुणेवर, ३०० ला उभी. पहिलं उत्तर ३२ मिलिसेकंद उशिरा. तेवढं खपून जातं, कानाला ते जाड वाटतं, चुकीचं वाटत नाही. पण प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरातून निघतं, म्हणून चूकही साठत जाते. दुसरं ६४, तिसरं ९६, चौथं १२८. चौथ्या उत्तराला आपण जवळजवळ पाव ठोका मागे. आणि मी ती चारही उत्तरं एको वाढवून तिच्या पाठीत मारत होतो. एका कानाला अण्णांचा ठेका, दुसऱ्याला माझा कडा. तिने कुणाचं धरायचं? तिने माझं धरलं, कारण तसं ती आधीच सांगून गेली होती.

ती कॅसेट मी दोन महिने कपाटात ठेवली. मग जानेवारीत अण्णांकडे गेलो. ऐकवली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, पुन्हा एकदा लावायला सांगितली, आणि म्हणाले, "अरे, ही डबी आण एकदा. बघू काय म्हणते ती."

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी मी या तीन नॉबांचं जे काही शिकलो, ते आजवर पुरलं आहे. अण्णांना इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नव्हतं, आणि तेच बरं झालं. त्यांनी विचारलं, "किती वेळा उत्तर देते?" म्हटलं, पाहिजे तेवढ्या. "मग एकदाच देऊ दे." इंटेन्सिटी शून्यावर. "आणि मोठ्याने देऊ दे, म्हणजे चूक लपणार नाही." एको पूर्ण. मग त्यांनी केरवा धरला आणि मला सांगितलं की सूर वाजवू नकोस, तारा तळव्याने दाबून नुसतं 'टक्' कर. 'धा'वर टक्. उत्तराचं टक् बरोबर 'गे'वर यायला हवं, कारण अर्धा ठोका तिथे आहे. माझं उत्तर 'गे'च्या मागे रेंगाळत होतं. नॉब केसभर मागे. अजून केसभर. एका जागी माझं टक् त्यांच्या थापेखाली असं शिरलं की ते दिसेनासंच झालं. "हां," ते म्हणाले, "आता माझ्या हाताखाली आहे." मग त्यांनी लय मुद्दाम थोडी चढवली, आणि पुन्हा शोधायला लावलं. असं पाच-सात वेळा. त्या दिवशी मी पेन्सिलची खूण खोडून टाकली.

त्यानंतर आवाज. "कमी कर," ते म्हणाले. केला. "अजून. अजून. मला ऐकू येता कामा नये." मी इतका कमी केला की मला वाटलं आता डबी असून नसल्यासारखी आहे. "वाजव काहीतरी." वाजवलं. "आता पायाने बंद कर." केली, आणि खोली एकदम कोरडी झाली. "बघ, काहीतरी गेलं ना? तिथेच ठेव." तिसरा नॉब सगळ्यात शेवटी, दोन किंवा तीन उत्तरांपुरता. संथ गाण्यात एखादं जास्त चालतं.

तरुण श्रोत्यांपैकी कुणी म्हणेल की हे सगळं आता फोनवर ठोका दाबून होतं, नाहीतर पेडललाच पायाने ठोका देता येतो. खरं आहे, आणि ते जरूर वापरावं. गणित अवघड नाही. साठ हजाराला मिनिटातल्या ठोक्यांनी भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. अर्धा हवा तर अर्धं करा. आयर्लंडच्या यू-टू या बँडचा एज या नावाने ओळखला जाणारा गिटारवादक सुरुवातीच्या काळात मेमरी मॅन नावाचा असाच अॅनॉलॉग डिले वापरायचा, आणि त्याच्या वादनाची खूण आहे पाऊण ठोक्याचं उत्तर. इंग्रजीत ते समजावून सांगायला टिंब दिलेल्या स्वराची भाषा लागते, आपल्याकडे पाऊण म्हटलं की झालं. १२० ठोक्यांना पाऊण म्हणजे ३७५ मिलिसेकंद. माझी डबी तिथवर पोचत नाही, तिला पाऊण फक्त दीडशेच्या पुढच्या लयीत जमतो. २०१४ साली त्याच कंपनीने याच पेडलची नवी आवृत्ती काढली, ती ८०० पर्यंत जाते. पण आकडा कुठूनही आणा, लय चढली की तो चुकीचा होतो, आणि ती चढली हे फोनला कळत नाही.

जागाही बघावी लागते. पत्र्याच्या मंगल कार्यालयात जागेचंच एवढं घुमणं असतं की डबी बंद ठेवलेली बरी. मोकळ्या मैदानात थोडी जास्त चालते. रस्त्यावरच्या मांडवात समोर इमारत असेल तर आधी एकदा टाळी वाजवून बघतो. चौतीस मीटरांवरची भिंत टाळी पाचव्या हिश्श्याच्या सेकंदात परत देते. तिथे एक कडा आधीच उभा आहे, त्यात माझा कशाला? आणि आवाज फाटका करणारं पेडल असेल तर डिले त्याच्या नंतर जोडायचा, आधी नाही. आधी जोडला तर उत्तरं फाटून एकमेकांत कालवली जातात, आमटीत भात सांडल्यासारखी.

अण्णांना मी म्हटलं होतं, मालकांना जाऊन सांगतो. ते म्हणाले, "त्यांना सांगून आता काय? मला कामं मिळतायत. त्या पोरीला सांग." मी त्या मंडळात गेलो, तिच्या इमारतीत गेलो. वडिलांची बदली झाली होती, घर सोडून दोन महिने झाले होते. कुठे गेले ते शेजाऱ्यांना सांगता आलं नाही. दोन महिने. ती कॅसेट माझ्या कपाटात पडून होती तेवढेच.

ती आता चाळिशीच्या पुढे असेल. गाते की नाही, माहीत नाही. रेडिओवर बोलाल का असं मला विचारलं तेव्हा विषय माझ्यावर सोडला होता, आणि मी हाच सांगितला, कारण रेडिओ कुठल्या घरात चालू असेल ते सांगता येत नाही. त्या गणपतीत, रस्त्यातल्या मांडवात, माझ्या अॅम्पच्या पुढे उभी राहून जी मुलगी अंतऱ्यात थांबली होती, ती ऐकत असेल तर तिला एवढंच सांगायचं आहे. कॅसेट माझ्याकडे आहे. मुखडा तू अगदी ठेक्यावर म्हटला आहेस, आणि अंतऱ्याला तू ज्याच्या मागे गेलीस ती ढोलक नव्हती, माझी डबी होती.